वेड पांघरून पेडगावला

पोकरमध्ये 'स्लो-प्ले' नावाचा एक प्रकार आहे. हातात भारी पानं आली आहेत, पण ती आल्याचं दाखवायचं नाही. पैसे वाढवायचे नाहीत, समोरचा जे लावेल ते नाइलाजानं भरल्यासारखं भरायचं, चेहरा जरा पाडायचा, आणि त्याला वाटू द्यायचं की हा आता फार वेळ टिकत नाही. तो जोरात येतो, येतच राहतो, आणि शेवटच्या पानाला आपण मूठ उघडतो. तीन पत्तीवाल्यांना हे काही नवीन नाही. हातात ट्रेल असताना दिवाळीच्या रात्री 'आज पानंच पडत नाहीत रे' असं कण्हत एकेक चाल भरणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतोच.

याला मराठीत काय म्हणायचं? पटकन 'झाकली मूठ सव्वा लाखाची' आठवतं. पण नीट बघा, ते बरोबर उलटं आहे. त्या मुठीत बहुतेक काहीच नसतं, म्हणून ती झाकायची. म्हणजे तो ब्लफ झाला. आपल्याला हवी आहे ती मूठ, जिच्यात खरोखर सव्वा लाख आहेत आणि आपण चार आणे असल्याचं भासवतोय. त्यासाठी दुसरा वाक्प्रचार आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे.

हे पेडगाव खरं गाव आहे. दौंडहून भीमा ओलांडून पलीकडे गेलं की नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यात नदीच्या काठावर बहादूरगड लागतो. त्याच्या पायाशी पेडगाव. मोगलांचा दख्खनचा सुभेदार बहादूरखान कोकलताश याची छावणी इथे होती, गडाला नावही त्याचंच. जुलै १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाला जेमतेम महिना झाला असताना, मराठ्यांची दोनेक हजारांची एक तुकडी इथे आली. खान सैन्य घेऊन तिच्या मागे लागला. ती पळत राहिली, खान पाठलाग करत राहिला. जदुनाथ सरकारांच्या हिशेबानं साधारण पन्नास मैल. आणि इकडे सात हजारांची दुसरी फौज रिकाम्या छावणीवर आली, खजिना आणि २०० चांगले घोडे घेऊन, तंबू जाळून निघूनही गेली. लुटीचा आकडा एक कोट रुपये सांगतात. वाक्प्रचार याच प्रसंगावरून आला, असं बरेच लोक सांगतात. नक्की तसंच असेल असं नाही, पण जागा आणि प्रसंग एकमेकांना इतके फिट बसतात की वाद घालायला जीव होत नाही.

मात्र पोकरवाल्याच्या काटेकोर नजरेनं हाही स्लो-प्ले नव्हे. ही हूल होती. दोन हजारांच्या तुकडीत खरंच लढाईचा दम नव्हता, दम दुसरीकडे होता. स्लो-प्लेमध्ये माणूस टेबलावरच बसून असतो. समोर दिसतो, प्रत्येक डावात पैसे भरतो, आणि प्रतिस्पर्ध्याला रोज त्याचं तोंड बघायला मिळतं. तसं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. पेडगावहून भीमेच्या अलीकडे या, शिरूर-दौंडच्या पट्ट्यात. साल १७६२.

पण आधी खेळाचे नियम जरा पक्के करू, कारण 'शांत बसलो आणि जिंकलो' एवढं म्हणजे स्लो-प्ले नाही. आणि अनेक जण तेवढ्यावरच पैसे घालवतात. (२०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, त्यामुळे इथून पुढे 'पैसे' म्हटलं की शेंगदाणे समजावेत.)

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडी. ती एकदम येत नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. प्रत्येक टप्प्यावर बोली. १९८८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या शेवटच्या डावात जॉनी चॅनच्या हातात गुलाम आणि नव्वी होती. टेबलावर पहिली तीन पानं आली राणी, दश्शी, अठ्ठी. म्हणजे पाच पानांचा सलग क्रम लागला. त्या क्षणी त्या टेबलावर त्याहून मोठं काही बनूच शकत नव्हतं. समोर एरिक सायडेल, त्याच्याकडे राणीची जोडी. चॅन गप्प. पुढचं पान दुर्री, तरी गप्प. शेवटचं पान छक्की, चॅननं पुन्हा हात आखडला. सायडेलला वाटलं, याच्याकडे काही नाही. त्यानं होते नव्हते तेवढे सगळे पुढे ढकलले, आणि चॅन त्या वर्षीचा विजेता झाला. 'राउंडर्स' (१९९८) सिनेमात हाच डाव पुन्हा पुन्हा दाखवलाय, बऱ्याच जणांना तिथूनच माहीत आहे.

यात चॅनचं धैर्य वगैरे सगळे सांगतात. मला त्याचा हिशेब जास्त आवडतो. एक, त्याचा हात इतका भारी होता की पुढची दोन पानं फुकट दाखवली तरी बिघडायची शक्यता अगदी कमी. दोन, समोरच्याकडे काहीतरी होतं. राणीची जोडी वाईट नसते. अगदीच भिकार पानं असती तर सायडेल पुढे आलाच नसता, आणि स्लो-प्ले कुणाविरुद्ध करणार? तीन, समोरचा स्वतःहून बोली लावणारा होता. बुजऱ्या माणसासमोर हात झाकून बसलात तर दोघंही बसून राहता आणि पॉटमध्ये शेंगदाणे तेवढेच. आक्रमक माणूस मात्र तुमचं काम स्वतः करतो. तुम्ही वाढवली असती तर त्यानं पानं टाकली असती. तुम्ही गप्प बसलात म्हणून तो वाढवत सुटला.

आणि धोका एकच, पण मोठा: फुकटचं पान. तुम्ही त्याला फुकट पुढे येऊ देता तेव्हा त्याला नशीब आजमावायची एक जादा संधी देता. ते पान त्याचं निघालं तर तुमची हुशारी तुमच्याच अंगावर.

आता चला आलेगावला.

पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये गेले. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावरच पडला होता, त्यामुळे पेशवाईची वस्त्रं मिळाली माधवरावाला. वय वर्षं सोळा. कारभार बघायचा तो काका रघुनाथरावानं, म्हणजे राघोबादादानं. राघोबादादा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नाटकातला पिकल्या मिशांचा कारस्थानी म्हातारा येतो. प्रत्यक्षात १७६२ च्या हिवाळ्यात दादासाहेब फक्त २८ वर्षांचे होते. आजच्या हिशेबानं नुकताच टीम लीड झालेला माणूस. आणि नुसता बोलघेवडा नव्हे. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत मजल मारून आलेला, अटकेपार झेंड्याच्या गोष्टीतला तो हाच. सोबतीला सखारामबापूंसारखा मुरलेला कारभारी. थोडक्यात, हातात राणीची जोडी होती.

खेळायची पद्धत मात्र एकच: लावा, अजून लावा. पुतण्या कारभारात लक्ष घालायला लागल्यावर दादासाहेबांना ते सोसेना. ऑगस्ट १७६२ मध्ये त्यांनी पुणं सोडलं, फौज जमवायला सुरुवात केली आणि चक्क निजामाची मदत मागितली. हा तोच निजामअली, जो जेमतेम वर्षभरापूर्वी पुण्याच्या रोखानं चालून आला होता. घरातल्या भांडणात त्याला बोलावणं म्हणजे सोसायटीच्या वादात बिल्डरला मध्यस्थ करण्यासारखंच झालं.

७ नोव्हेंबर १७६२ ला घोडनदीच्या काठी पहिली लढाई झाली. घोडनदी म्हणजे शिरूर. जुने लोक अजूनही गावाला घोडनदीच म्हणतात. नंतर बोलणी, माघार, आणि माधवरावाची फौज गाफील असताना दादासाहेबांचा छापा. १२ नोव्हेंबरला भीमेच्या बाजूला आलेगावापाशी माधवरावाचा पराभव पक्का झाला.

इथे त्याच्यापुढे रस्ते होते. पळून जाऊन एखाद्या किल्ल्याचा आसरा घ्यायचा आणि लढत राहायचं. त्र्यंबकराव पेठे, गोपाळराव पटवर्धन अशी मातबर माणसं त्याच्या बाजूला होती. किंवा आपणही कुणातरी परक्याला बोलवायचं. सतरा वर्षांच्या पोरानं तिसरंच केलं. तो उठून काकाच्या छावणीत गेला आणि स्वतःला त्याच्या हवाली केलं. ग्रँट डफ, जो पेशव्यांचं कौतुक करायला बसलेला नव्हता, त्यानं लिहून ठेवलंय की राज्याची दोन शकलं होऊ नयेत म्हणून त्यानं हे ठरवून केलं.

आता तुम्ही म्हणाल, हरलेल्यानं शरणागती पत्करली, यात स्लो-प्ले कुठे आला? हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. फौजेच्या हिशेबानं त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण तो डाव फौजेचा नव्हताच. तो होता पुण्याच्या गादीचा, आणि त्यातलं सगळ्यात मोठं पान माधवरावाकडेच होतं. वस्त्रं साताऱ्याहून छत्रपतींकडून त्याच्या नावानं आली होती. दादासाहेबांना कारभार करता येत होता, पण प्रत्येक कागद पुतण्याच्याच नावानं निघणार. पुतण्या पळाला असता तर तो बंडखोर ठरला असता आणि दादासाहेबांना मोकळं रान मिळालं असतं. तो छावणीतच येऊन बसल्यावर त्याचं काय करायचं? कैदेत टाकावं तर आपणच वाईट, सोडावं तर तो पेशवाच. नजरेखाली ठेवायचं एवढंच हातात राहिलं. आणि ते पान छावणीत नजरेखाली असलं म्हणून त्याची किंमत कमी होत नव्हती. उलट आता ते पळवून नेण्याचा कुणाला मोहही नव्हता.

शिवाय दादासाहेबांनी जिंकताना जी उधारी केली होती ती आता वसुलीला येणार होती. ग्रँट डफच म्हणतो की निजाम भीमेवर पेडगावापर्यंत आला होता (हो, तेच पेडगाव) आणि मदतीच्या मोबदल्यात दादासाहेबांनी ५१ लाखांचा मुलूख, शिवाय दौलताबाद, शिवनेरी, अशिरगड आणि नगर असे किल्ले द्यायचं कबूल केलं. शिवनेरी! आलेगावात जिंकलेल्या पॉटपेक्षा ही बोली मोठी होती. माणूस चिडून खेळायला लागला की असंच होतं. एक डाव जिंकण्यासाठी तो पुढच्या दहा डावांचे शेंगदाणे आधीच लावून बसतो.

पुढचे काही महिने माधवरावानं काय केलं? बाहेरून बघितलं तर काहीही नाही. सोबत राहिला, मान ठेवला, सह्या केल्या. आणि दादासाहेबांनी काय काय केलं ते बघा. पटवर्धनांवर राग होता म्हणून मिरजेवर चालून गेले आणि मिरज घेतली. गोपाळराव पटवर्धन चिडून निजामाला जाऊन मिळाले. प्रतिनिधीचं पद जुन्या घराण्याकडून काढून आपल्याच तान्ह्या मुलाच्या नावानं करून टाकलं, तिथली माणसंही दुखावली. नागपूरकर जानोजी भोसले साताऱ्याच्या कारभाराच्या आशेनं निजामाकडे सरकले. सहा महिन्यांपूर्वी ज्याची मदत घेतली तो निजाम, विठ्ठल सुंदर हा त्याचा दिवाण, आणि अर्धे दुखावलेले मराठे सरदार, सगळे आता दादासाहेबांच्या विरुद्ध एका बाजूला. एकही पान न टाकता माधवरावासमोरचा प्रतिस्पर्धी स्वतःच्याच बोलीखाली दबत चालला होता.

पुस्तकात हे फार छान वाटतं. पण इथेच तो धोका येतो. मे १७६३ मध्ये निजामाच्या फौजा पुण्यात शिरल्या. पेशव्यांचं कुटुंब आधीच सिंहगडाकडे हलवलं होतं, ज्यांना पळता आलं ते लोक पळाले. ज्यांनी खंडणी भरली त्यांची घरं वाचली, ज्यांना जमलं नाही त्यांची पाडली, जाळली. सिंहगडाखालचं गाव जळलं, त्यात सुरक्षित म्हणून आणून ठेवलेले कागदपत्रही गेले. आज आपण पेशवाईच्या एखाद्या प्रकरणावर 'याबद्दल कागद सापडत नाही' असं वाचतो, त्यातले काही त्या मे महिन्यातल्या राखेत असणार.

पोकरच्या पुस्तकांत हा भाग नसतो. तिथे गप्प बसून पॉट वाढू देणारा माणूस स्वतःचेच शेंगदाणे धोक्यात घालतो. माधवरावाच्या पॉटमध्ये कसबा पेठेतल्या कुणाचं तरी घर होतं. त्यानं वेगळं काही केलं असतं तर हे टळलं असतं का? आलेगावनंतर लढाई चालू राहिली असती तर निजाम सहा महिने आधीच आला असता, आणि भांडणारे काका-पुतणे त्याला आयते मिळाले असते. मला तरी वाटतं की जे त्यानं केलं त्यातच नुकसान कमी होतं. पण हा हिशेब आपण २६० वर्षांनी एसीत बसून करतोय.

पुण्यात निजाम, तर मराठी फौज त्याच्या मुलखात. समोरासमोर लढाई टाळून ही फौज हैदराबादच्या दिशेनं लूट करत गेली. जानोजींना ३२ लाखांच्या मुलखाचं आश्वासन देऊन आतून फोडलं. आणि १० ऑगस्ट १७६३ ला बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनापाशी ती वेळ आली. गोदावरीला पूर. निजामअली अर्ध्या फौजेसह औरंगाबादच्या बाजूला उतरून गेलेला, विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर. पूल नाही, मदत नाही. दादासाहेबांनी हल्ला केला, नेहमीप्रमाणे सगळ्यात पुढे, आणि नेहमीप्रमाणे जास्तच पुढे. ते वेढले गेले. ज्या पुतण्याला नजरेखाली ठेवलं होतं, त्यानंच जाऊन त्यांना सोडवलं आणि लढाई फिरवली. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पलीकडच्या तीरावरून बघत राहिला.

ही मूठ उघडण्याची वेळ होती आणि ती उघडली गेली. राक्षसभुवननंतर माधवरावानं कारभार आपल्या हातात मागितला आणि दादासाहेबांना तो द्यावा लागला. पटवर्धनांना मिरज परत मिळाली. आलेगाव ते राक्षसभुवन, नऊ महिने. मला तर हा इतिहासातला सगळ्यात स्वच्छ खेळलेला डाव वाटतो.

पण. (इथे 'पण' येणारच होता.)

पॉट जिंकल्यावर माधवरावानं प्रतिस्पर्ध्याला टेबलावरून उठवलं नाही. काका आहे, वडीलधारा आहे, शूर आहे, उत्तरेच्या मोहिमेला उपयोगी आहे. दादासाहेब उत्तरेत गेले, परत आले, पुन्हा वाटणी मागितली, पुन्हा फौज जमवली. १७६८ च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावाला काकाविरुद्ध पुन्हा लढाई करावी लागली. या वेळी शरणागती नाही, बोलणी नाहीत. दादासाहेब हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. पाच वर्षं उशीर झाला असं माझं मत आहे. आजही अनेक इतिहासप्रेमी माधवरावाच्या या मवाळपणाचं 'घरंदाजपणा' म्हणून कौतुक करतात. ठीक आहे. पण फुकटचं पान म्हणतात ते हेच.

ते पान उलटलं १७७२ मध्ये. १८ नोव्हेंबरला, दहा वर्षांपूर्वी आलेगावला शरण गेला त्याच महिन्यात, माधवराव थेऊरला क्षयानं गेला. वय २७. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याचा खून केला. वाड्यात नजरकैदेत कोण होतं ते तुम्हाला माहीत आहे. ही गोष्ट शाळेतच सांगतात, म्हणून इथे लांबवत नाही. एवढंच, की आलेगावला माधवरावानं जे थांबून मिळवलं त्यातलं बरंचसं एका दुपारीत गेलं. क्षय कुणाच्या हिशेबात नव्हता हे खरं. पण फुकटचं पान कधी कुणाच्या हिशेबात असतं?

दादासाहेबांना पेशवेपद पचलं नाही. नाना फडणीस, सखारामबापू (हो, तेच) आणि बारभाईंनी त्यांना हुसकलं. मग त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी उधारी केली, मुंबईच्या इंग्रजांकडून. आणि त्यामुळे आपल्याला दुसरा डाव मिळतो, पुण्याच्या पलीकडच्या अंगाला, मावळात.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून इंग्रजांची सुमारे ३,९०० ची फौज दादासाहेबांना घेऊन पुण्याकडे निघाली. सेनापती कर्नल एगर्टन आजारी, सोबत सल्लागार मंडळ म्हणून कारनॅक, आणि ओझ्याला १९,००० बैल. घाट चढून वर आल्यावर रोजची चाल मैलाच्या आत. समोर महादजी शिंदे, हरिपंत फडके, तुकोजी होळकर. फौज कितीतरी पटीनं मोठी, मुलूख आपला. खंडाळ्याला तोंडावरच अडवता आलं असतं. त्यांनी नाही अडवलं. मागे सरकत राहिले, बाजूनं छापे घालत राहिले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून शाबासकीही दिली, वैऱ्याचं शौर्य मान्य करायची ती पद्धतच होती. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावात पोचले तर गाव जाळून रिकामं केलेलं. दाणा नाही, चारा नाही. आणि बातमी अशी की पुढे चिंचवड आणि गरज पडली तर पुणंही असंच जाळून ठेवणार.

ही मूठ उघडण्याची पद्धत बघा. एक जोरकस लढाई नाही. समोरच्याला फक्त कळलं की तो इतक्या आत आलाय की आता मागे जाणंही महाग आहे. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि माघार सुरू केली. मराठ्यांनी लगेच गाठलं. वडगावला कोंडी झाली आणि जानेवारीच्या मध्यात तिथे तह झाला. साष्टी परत, १७७३ पासून घेतलेलं सगळं परत, बंगालकडून येणारी गॉडर्डची फौज थांबवायची, आणि दादासाहेब शिंद्यांच्या ताब्यात.

डाव तर अप्रतिम. आणि पुन्हा तेच झालं. फौज सोडून दिली, ओलीस म्हणून दोन इंग्रज ठेवून घेतले. कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जनं तहच अमान्य केला. गॉडर्ड थांबला नाही, फेब्रुवारीत सुरतेला पोचला. दादासाहेबही शिंद्यांच्या माणसांच्या हातून निसटून त्याच्याकडेच गेले. महादजींसारख्या चाणाक्ष माणसाकडून हे कसं झालं यावर बरंच लिहिलं गेलंय. माझा आवडता तर्क असा की दादासाहेब जिवंत आणि आपल्या हातात असणं हे महादजींना पुण्याच्या राजकारणात नाना फडणीसांविरुद्ध वापरायचं पान वाटत होतं. म्हणजे एकाच हातानं दोन टेबलांवर खेळणं. कॉर्पोरेटमध्ये हे कसं संपतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

गंमत म्हणजे १७८१ मध्ये गॉडर्ड स्वतः बोरघाट चढून वर आला, तेव्हा हरिपंत, परशुरामभाऊ पटवर्धन आणि होळकरांनी त्याच्याशी जवळपास हाच खेळ खेळला. रसद तोडत राहिले, आणि एप्रिलमध्ये तो बरीच माणसं गमावून पनवेलकडे उतरला. एकदा पाहिलेली युक्ती दुसऱ्यांदा चालत नाही असं म्हणतात. समोरचा पुरेसा आक्रमक असेल तर चालते. त्याला वाटत असतं की मागचा माणूस मूर्ख होता, मी नाही.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानं हा सगळा प्रकार मिटला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, म्हणजे वडगावला जिंकलेलं तिथेच परत गेलं. दादासाहेबांना महिना २५,००० रुपये तनखा ठरला, इंग्रजांनी त्यांचा नाद सोडायचा. ते कोपरगावला गोदावरीकाठी जाऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये तिथेच वारले. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती.

जाता जाता, ज्यांना हे सगळं प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी. अष्टविनायकाची दोन दिवसांची गाडी करा, बाकी काही नको. थेऊरला माधवराव गेला, तिथे रमाबाईंचं सतीस्थान आहे. दौंडवरून सिद्धटेकला जाता येतं. हरिपंत फडक्यांचं सेनापतीपद गेलं तेव्हा त्यांनी इथे २१ दिवस प्रदक्षिणा घातल्या आणि ते परत मिळालं, अशी तिथली कथा. नगर रोडला रांजणगावच्या देवळात माधवरावानं काम करून घेतल्याचं सांगतात, आणि तिथून पुढे शिरूर म्हणजे घोडनदी. पेडगाव मात्र कुठल्याच टूरमध्ये नसतं. दौंडला कुणाला तरी रस्ता विचारून, गाडी वळवून, वेगळं जावं लागतं. 'कुठे चाललात?' असं घरच्यांनी विचारलं तर उत्तर तयारच आहे.